किती पानं उठली

"सुभेदार, आवं आला त्यो सरकारी मानूस! पांढरा शर्ट, पायात बूट. तुमच्या घरच्या लग्नात किती पानं उठली, म्हणून स्टँडवर ज्याला त्याला इचारतोय," नानासो धनगर धापा टाकत म्हणाला.

सुभेदार लालासाहेबांच्या थोरल्या लेकीचं लग्न आदल्या दिवशी झालं होतं. धान्याची टंचाई होती; लग्नात पन्नासाच्या वर पानं वाढायची नाहीत, असा सरकारी हुकूम होता. त्यांनी सहाशे वाढली होती. फौजेतल्या बावीस वर्षांत त्यांच्यावर एकही ठपका नव्हता. आता खटला झाला तर गावात तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती.

मागच्या उकिरड्यावर उष्ट्या पत्रावळ्यांचा कमरेइतका ढीग होता. पळसाचं पान भर पावसाळ्यातसुद्धा कुजायला दोन महिने घेतं. लालासाहेबांच्या हातात फार तर अर्धा तास होता.

नानासोनं शेरडं सोडली. त्यांनी भाताची शितं टिपली, थोडी पानं ओढली आणि तोंडं फिरवली.

"शेरडं बी आता नगं म्हनत्यात!"

"मग खड्डा हान की गड्या, बघत काय ऱ्हायलास!"

लालासाहेबांच्या बायकोनं, मनुबाईनं, खड्ड्यात ढकललेल्या पत्रावळ्यांवर शेणाच्या पाट्या ओतल्या. "जल्मात येकदा गाव जेवू घातलं," ती म्हणाली, "आन् ते बी चोरीचा माल पुरल्यावानी पुरायचं."

वर चाळीसएक पत्रावळ्या तेवढ्या मुद्दाम पसरून ठेवल्या.

पांढऱ्या शर्टातला पाहुणा आला. धाकटी शालू पाणी ठेवून गेली.

"लग्न थाटात झालं म्हणे?"

"कसला थाट सायेब. आमटी-भात."

"गोडाचं?"

"न्हाई."

"गावात तर सहाशे पानं उठली म्हणतात."

"गावाचं काय घेऊन बसलाय! पन्नास. येक बी जास्त न्हाई. उकिरडा दावतो, चला."

पाहुण्यानं खरंच उकिरडा पाहिला. परत येऊन तो पाणी प्यायला.

"बाकीचे सोयरे?"

"हात जोडून लावले परत."

"उपाशी?"

"उपाशी. हुकूम म्हंजे हुकूम."

दाराआड नानासोनं मनुबाईकडे बघून मान डोलावली. पाहुणा उठला. त्यानं खिशातून एका तरुण कॅप्टनचा फोटो काढला, लालासाहेबांना दाखवला आणि पुन्हा आत ठेवला.

"आमचा पुतण्या. आम्ही सांगलीचे, विश्रामबागेतले. तुमच्या धाकटीचं स्थळ बघायला आलो होतो. पण दारचे सोयरे उपाशी परत लावणाऱ्या घरात आम्ही सोयरीक करत नाही."