तिसरा रकाना

प्रयोगशाळेत साहेब आणि त्यांच्या हाताखाली काम करणारी ती, दोघं टेबलाशी उभी होती. टेबलावर काचेची ताटली होती. ताटलीत आज सकाळी ओढ्यातून आणलेलं पाणी, आणि कालपर्यंत वरच्या निर्मळ झऱ्यात वाढलेल्या, पाणकिड्यांच्या तांदळाच्या दाण्याएवढ्या दहा अळ्या. ओढ्याकाठच्या मळ्यांवर कीटकनाशक फवारलं त्याला चाळीस दिवस झाले होते. डब्यावर छापलं होतं : प्रभाव सात दिवस.

साहेबांनी बारीक कुंचल्याने शेवटच्या अळीला स्पर्श केला. तिचा एक पाय थरथरला.

"हलली. दहाही जिवंत. लिही."

नियम तोच होता. कुंचल्याला जी हलेल ती जिवंत.

तिने पेन उचललं नाही. खिडकीपाशी दोन काचेच्या पन्हळी होत्या, तळाशी ओढ्यातलेच दगड मांडलेल्या. एकीत झऱ्याच्या पाण्यातल्या दहा अळ्या सकाळपासून दगडाला घट्ट धरून होत्या. दुसरीत तिने ताटलीतल्या दहा सोडल्या आणि दोन्ही तोट्या सारख्याच उघडल्या. ओढा वाहतो तेवढ्याच.

एकेक पाय सुटत गेला. दहाही अळ्या टोकाच्या जाळीवर जाऊन पडल्या. शेजारच्या पन्हळीत एकही जागची ढळली नव्हती.

"ओढ्यात कुंचला नसतो, साहेब. पाणी असतं."

"अगं, कीटकनाशक आहे ते! कीटक मरणारच. हत्ती गेला, शेपूट राहिलं. तेवढ्यासाठी अडून बसणार?"

"एवढ्याशा जिवाला शेपूटही पुरतं."

साहेबांनी दार लोटून घेतलं. आवाज उतरला. "मामा म्हणून सांगतो. सोमवारी दुसरी फवारणी आहे. ओढा निर्धोक असल्याची तुझी सही नसेल तर ती थांबेल. मग तुझी नोकरी मलाही राखता येणार नाही. तुझ्या आईला काय तोंड दाखवू मी?"

"मामांनी संध्याकाळी घरी यावं, चहा करीन. इथे मी साहेबांशी बोलतेय."

तिने अहवाल पुढे ओढला. त्यात रकाने दोनच होते : जिवंत, मृत. तिने पट्टी ठेवली, शाईची सरळ रेघ मारून तिसरा रकाना आखला आणि वर लिहिलं : दगड धरून राहिलेल्या. खाली, चाळिसाव्या दिवसासमोर, शून्य. शून्याखाली सही.

"असा रकानाच नाही!" साहेब म्हणाले. मग जाळीकडे पाहत : "आणि किती दिवस चालवणार आहेस हे?"

तिने फडताळातून एक रिकामी बाटली काढली. चिठ्ठीवर एकेचाळीस लिहून ती बाटलीवर चिकटवली, अंगठ्याने कडा नीट दाबल्या. दुसऱ्या दिवशी उजाडताच बाटली काखेत धरून, दार उघडून ती ओढ्याच्या वाटेला लागली.