इंग्लंड-अमेरिकेची सावड

"अमेरिका इंग्लंडला एक वाकडा शब्द बोलली, तर बैलाच्या जागी माझ्या मानेवर जू ठेवा आन् पाराभवती फिरवा मला," चहाची बशी खाली ठेवत गेनबा म्हणाला.

"आणि नाही बोलली, तर मी महिनाभर तुमच्या म्हशीला आत्याबाई म्हणेन," मारुतराव म्हणाले.

हॉटेलातल्या रिकामटेकड्यांनी दोघांचे हात धरून टाळी मिळवून दिली. छप्पन्न सालची दिवाळी तोंडावर आली होती आणि भोसरीत तेवढीच करमणूक होती.

मारुतराव मूळचे साताऱ्याचे, दापोडीच्या वर्कशॉपात फिटर, गेनबाच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहायचे. शिफ्ट सुटली की सायकलला पुण्याचा पेपर अडकवून यायचे आणि हॉटेलात मोठ्यानं वाचायचे. तीन दिवस एकच बातमी चालली होती. इजिप्तनं इंग्लंड-फ्रान्सच्या कंपनीकडचा जहाजांचा कालवा आपला म्हणून ताब्यात घेतला होता. त्याचा शेजारी इस्रायल रणगाडे घेऊन आत घुसला, आणि त्याच्या मागोमाग इंग्लंड-फ्रान्सची विमानं बॉम्ब टाकायला लागली. दिल्लीनं निषेध केला. कुणी काळजी वाटते म्हणालं, कुणी दोघांनीही दमानं घ्या म्हणालं.

"आपल्या रंगराव पाटलासारखंच की," एकजण म्हणाला, आणि हॉटेल हसलं.

गेनबाही हसला, पण जरा उशिरा.

कारण गावात तसंच एक प्रकरण चालू होतं. सोजराबाई तीन दिवस थेरगावला लेकीच्या बाळंतपणाला गेली, आणि परत आली तर तिच्या रानाचा बांध गायब. शेजारच्या मालोजीनं चार हात पट्टी नांगरून आपल्यात घेतली होती. विहिरीचा पाट त्याच पट्टीतून जायचा. पाट गेला म्हणजे बाईचा गहू गेला. मालोजी म्हणाला, बांध पावसानं खचला, माझं औत तिकडं फिरकलंच न्हाई. बघणारं कुणी नव्हतं. रंगराव पाटील म्हणाले, दोघांनीबी सबुरीनं घ्या, रविवारी पारावर पंच बसतील.

सोजराबाई गेनबाच्या दारात आली होती. "भाऊजी, तुमचं रान वढ्याच्या पल्याडच. तुमी बघितलं आसंल. पंचांपुढं तेवढं सांगा."

"मी न्हवतो, वैनी. मला काय ठावं न्हाई."

बाई निघून गेली. गेनबाची बायको गवराबाई तेवढं म्हणाली, "बरं झालं. हरभरा पेरायचाय आजून."

गवराबाईचं चूक नव्हतं. गेनबाकडं बैल एक आणि मालोजीकडं एक. दोघांची सावड होती. दोन बैल एका जुवात आले की आज ह्याचं रान, उद्या त्याचं. सावड मोडली तर गेनबाचं चार एकर तसंच पडून राहणार. दुसरा बैल कुठून आणायचा?

म्हणून तर गेनबा पैजेला एवढा छातीठोक उभा राहिला होता. अमेरिका आणि इंग्लंडची सावड हाय, तो म्हणायचा. सावडीतला गडी सावडीतल्या गड्याला बोलत नसतो. हे मला कुणी शिकवायला नको.

पाडव्याला मारुतराव पेपर घेऊन आले आणि चहा मागवायच्या आधीच वाचायला लागले. जगाच्या पंचायतीत ठराव आला, लढाई थांबवा. चौसष्ट देश एका बाजूला, पाच दुसऱ्या. आणि ठराव मांडला कुणी? खुद्द अमेरिकेनं.

"परत वाचा," गेनबा म्हणाला.

मारुतरावांनी परत वाचलं.

"मंग आता त्यांची सावड मोडली?"

"तसं काही छापलेलं नाही. पण बाकीचे ओरडत होते तेव्हा इंग्लंडनं कानात बोळे घातले होते. आता अंगाला घाम सुटलाय म्हणतात."

गेनबानं चहा अर्धा ठेवला. "रविवारी येतो पाराकडं. जू मीच आणतो."

रविवारी पंच बसायच्या आधी अख्खी भोसरी पारावर जमली. बायका भिंतीआडून बघत होत्या. गेनबा आपला बैल घेऊन आला. जुवाची उजवी बाजू बैलाच्या मानेवर, डावी त्यानं स्वतः घेतली. बैल उंच, गेनबा बुटका. जू तिरकं झालं आणि लोक हसून लोळायला लागले. मारुतराव कासरा धरून पुढं चालले.

सगळ्यात मोठ्यानं मालोजी हसत होता. "गेनबा, उद्या तुलाच जुपतो रं माझ्या बैलासंगं. वैरण तरी वाचंल."

फेरी पुरी झाली. मारुतराव म्हणाले, "फिटलं. ठेवा खाली."

गेनबानं ठेवलं नाही. मान वाकलेली तशीच ठेवून तो पंचांपुढं जाऊन उभा राहिला. बैलही उभा राहिला. हसणं हळूहळू बंद झालं.

"काय रं?" रंगराव पाटलांनी विचारलं.

"सोजरावैनीचा बांध मोडला त्या दिशी ह्याच जुवात उजवीकडं माझा हा बैल व्हता, डावीकडं मालोजीचा," गेनबा म्हणाला. "आन् औत जुपून मीच दिलं व्हतं."