बुडालेल्या गावाचा नकाशा

"सीडी ठणठणीत आहे ताई. पण ही फाइल उघडणारं सॉफ्टवेअरच आता कुणाकडे उरलं नाही," दुकानदार म्हणाला.

गाव धरणाखाली जाण्याआधी तिच्या भूमापक बाबांनी घरन् घर मोजून हा नकाशा संगणकात चढवला होता, आणि कागदी नकाशा खुशाल रद्दीत दिला होता. हल्ली ते तिच्या लेकीलाही "कुणाची गं तू?" विचारत. निदान नकाशा पाहून गाव तरी आठवेल, एवढीच तिला आशा होती.

घरी येऊन तिने लेकीच्या पाटीवर नदी काढली. "बाबा, आपलं घर कुठे होतं, दाखवा ना."

बाबांच्या हातातली पेन्सिल नदीकाठी बराच वेळ घुटमळली. मग ते हसले.

"अगं वेडे, ते लक्षात कशाला ठेवायचं? सगळं सीडीत आहे ना!"