डावीकडची सीट

हेमांगी बॉनेटला वळसा घालून बाबांच्या समोर आली आणि म्हणाली, "बाबा, ब्रेकर का नाही लावत? उडाला की कळ दाबली, परत चालू. ह्या फ्यूजचे कसले एवढे लाड?"

रविवार होता. खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या गाळ्यात बापलेक आपल्याच गाडीचं काम काढून बसले होते. बाबा आयुष्यभर लोकांच्या गाड्यांत स्पीकर आणि अ‍ॅम्प बसवत आले. स्वतःच्या गाडीला मात्र वर्षातून एखादाच रविवार मिळायचा.

त्यांनी हातातला फ्यूज उजेडात धरला. पारदर्शक झाकणाआडची पट्टी अखंड होती.

"हे बघ. उडाला तर ही तुटलेली दिसते. डोळ्यांना दिसते! ब्रेकर नुसता टक करतो. गाणं चालू असताना ते टक कोणाला ऐकू जाणार?"

"माजिवड्याचे आर्थर अंकल सगळ्यांना ब्रेकरच लावतात."

"आर्थर बोंबील काट्यासकट खातो. मी पण खाऊ?"

ती हसली. बाबा क्षणभर तिच्याकडे बघत राहिले, मग तेही हसले.

गाळ्याच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलं होतं : फोन करू नये, मेसेज करावा. काम चालू असताना पाठीमागून बोलू नये. गिऱ्हाइकं ह्याला शिवरामचा खडूसपणा म्हणायची आणि काम चोख म्हणून सोसायची.

बॅटरीशेजारी फ्यूज बसला. मग नेहमीचा कार्यक्रम. हेमांगी डावीकडच्या सीटवर, बाबा स्टेअरिंगमागे. गाणं सुरू झालं, की ते एक तळवा दारातल्या स्पीकरवर टेकवायचे, दुसऱ्या हाताने डेकवरचा नॉब धरायचे आणि नजर तिच्यावर ठेवायचे. ती शाळेत होती तेव्हापासून कुठलीही गाडी तिच्या पसंतीशिवाय गाळ्याबाहेर गेली नव्हती.

"कसा वाजतोय?"

तिने नाक मुरडलं. नॉब जरासा फिरला. तिच्या भुवया वर गेल्या. अजून जरासा. मग ती डोळे मिटून डोलायला लागली, तेव्हा बाबांनी हात काढून घेतला.

"गाण्यातली बाई कुठे बसून गातेय?"

तिने समोरच्या काचेच्या मध्यावर बोट ठेवलं. "इथे. अगदी इथे."

"कसली गोड गातेय ना!" बाबा म्हणाले.

घरी जाताना माजिवड्याला गाड्यांची रांग लागलेली. मागचा टेम्पोवाला उगाच हॉर्न मारत होता. बाबा शांतपणे स्टेअरिंगवर बोटांनी ताल धरून बसले होते. हेमांगीच्या जिभेवर एक वाक्य आलं. ते अनेकदा यायचं. तिने नेहमीसारखं ते गिळलं आणि बाबांच्या गुडघ्यावर थाप मारून पुढची हललेली गाडी दाखवली.

मानपाड्याला घरी पोचेपर्यंत गाणी चालू होती.

सोमवारी सकाळी बाबांना उठवायला तिने नेहमीसारखा त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा गार होता.

गाळा बंद झाला. गाडी ती चालवायला लागली. स्टेअरिंगमागे बसलं, की गाणं शेजारच्या सीटवर जाऊन पडल्यासारखं वाटायचं. म्हणून संध्याकाळी इमारतीखाली गाडी लावली, की ती डावीकडे सरकायची आणि तिथे बसून गाणं संपेपर्यंत काचेकडे बघत राहायची. वरून आई बाल्कनीत यायची, बघायची आणि हाक न मारता आत जायची.

एक दिवस हायवेवर गाणं मध्येच थांबलं. गाडी चालू होती, फक्त गाणं गेलं. ती तशीच माजिवड्याला आर्थर अंकलच्या दुकानात गेली.

"ये गो बाय," म्हणत त्यांनी बॉनेट उघडलं. फ्यूजची पट्टी तुटलेली स्वच्छ दिसत होती. त्यांनी वायर हाताने चाचपत नेली. "ही बघ, पत्र्याला घासलीय. रबर वाळून गेलंय. फ्यूज उडाला म्हणून वाचली, नायतर वायर पेटली असती."

वायर बदलून झाली. मग ते म्हणाले, "आता ब्रेकर टाकतो. रस्त्यात एकटी असशील तेव्हा फ्यूज कुठं शोधत फिरशील? कळ दाबायची नि निघायचं."

तिला ते पटत होतं. तिनेच हे बाबांना किती वेळा ऐकवलं होतं.

"नको अंकल. फ्यूजच."

"बापावर गेलीस. तोच हट्ट."

नवा फ्यूज लावून आर्थर स्टेअरिंगमागे बसले. गाणं सुरू झालं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"काय गो हे? सगळा आवाज डावीकडच्या सीटला धरून लावलाय. गाडी चालवणारा माणूस आपल्या कानाला धरून लावतो. शिवरामसारख्या कारागिराने असं करावं?" त्यांचा हात नॉबकडे गेला. "थांब, नीट करून देतो."

"हात लावू नका!"

ती केवढ्याने ओरडली ते तिचं तिलाच कळलं नाही. आर्थरनी हात मागे घेतला. तिच्याकडे बघून त्यांचे डोळे निवळले.

"लई जीव होता गो त्याचा तुझ्यावर," ते म्हणाले आणि उतरून दुकानात गेले.

हेमांगी बॉनेटला वळसा घालून डावीकडच्या सीटवर बसली. बाई परत काचेच्या मध्यावर येऊन गात होती, अगदी तिथेच. हेमांगीच्या भुवया सवयीने वर गेल्या, मान डोलली. शेजारी बघणारं कोणी नव्हतं.

ती रिकाम्या सीटकडे वळली. तेच वाक्य जिभेवर आलं. ह्या वेळी तिने ते गिळलं नाही.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "तुम्हाला ऐकू येत नाही, हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे."