आमराईतल्या झोळ्या

मुक्कामाला पैसा मोजायचा नाही, हा एकलहऱ्याच्या रंगनाथरावांचा सहलीचा बाणा. यंदा त्यांना वणीजवळची आमराई फुकट सापडली. माणूस एक नव्हतं, पण झाडाझाडाला बाळाच्या झोळ्या टांगलेल्या.

त्यांच्या बायकोनं, कुसाबाईंनी, तान्ह्यासाठी झोळी बांधायला जुनं लुगडं काढलं.

"अगं, आयत्या झोळ्या असताना आपलं लुगडं कशाला मळवतेस?" म्हणत रावांनी तान्हं एका झोळीत ठेवलंसुद्धा.

भात शिजवून उतरवला तेव्हा कुसाबाईंनी मान वर केली. वारा पडलेला होता आणि सगळ्या झोळ्या हलत होत्या.

धावत जाऊन त्यांनी एक झोळी उघडली. आत बाळ होतं, गालाला त्यांनीच लावलेली तीट. शेजारच्या झोळीतही तेच बाळ, तीच तीट. पुढच्याही झोळीत.

"अहो, आपलं कुठलं?"

"सारखीच तर आहेत," राव पान वाढून घेत म्हणाले. "घे कुठलंही."

सगळ्या झोळ्यांतून एकदम इवले हात वर आले.