नव्या पट्ट्या
उजव्या हाताची थरथर वादकाने वर्षभर घरीदारी लपवली होती. पट्टी दाबली की सोडली, एवढंच जुन्या सिंथेसायझरला कळे, म्हणून सूर सरळ निघे आणि पोट चाले. त्याच्या मेकॅनिक मुलीने हौसेने त्यावर नव्या पट्ट्या बसवल्या. आता बोटाचा दाब जरा हलला, तरी सूर हलायचा. रेकॉर्डिंगला पहिलाच सूर थरथरला. “व्वा काका, काय कंप!” काचेपलीकडून संगीतकार म्हणाला. “आता सरळ सूर द्या.” वादकाने डाव्या हाताने मनगट आवळलं. सूर थरथरलाच. चौथ्या खेपेला संगीतकार शेजारी उभ्या मुलीवर घसरला, “चांगलं मशीन बिघडवून ठेवलंस! माकडाच्या हाती कोलीत!” तिचा चेहरा पडला. “माझंच काहीतरी चुकलं, बाबा,” म्हणत ती स्क्रूड्रायव्हर घेऊन आत आली. “उघडू नकोस, पोरी. तुझं काम चोख आहे,” तो म्हणाला, आणि त्याने उजवा हात काचेसमोर धरला.