पुढचा भाग

भांडून घराबाहेर पडलेली लेक फोन उचलत नव्हती. पण मालिका बघायचं खातं अजून घरात सगळ्यांचं मिळून एकच होतं. आई रोज टीव्ही लावून बघायची, लेकीच्या नावाखालची मालिका एक भाग पुढे सरकलेली असायची.

"चला, पोरगी खुशाल आहे."

बाबा मात्र तिचं नावही काढू देत नसत.

या आठवड्यात मालिका जागची हलली नाही. आईनं जेवणाचं ताट बाजूला सारलं.

"अहो, तिनं आठवडाभर काही बघितलंच नाही! उठा, पोलिसांत जाऊ या."

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून काळा चष्मा लावून पडलेले बाबा भिंतीकडे वळले.



"उद्यापासून डॉक्टर मोबाइल बघू देणार आहेत. उद्या सरकेल एक भाग."